मनावर घेत नाही, की मनाला लावून घेते?

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

माझी मोठी मुलगी दहावीत आहे. सातवीपर्यंत ती गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि पहिला नंबर कधी सोडला नाही. पाचवीच्या शिष्यवृत्तीत आली तेव्हा आम्ही गावभर पेढे वाटले. गुरुजी म्हणाले, पोरीला शहरात घाला. म्हणून आठवीला तालुक्याच्या गावी बिऱ्हाड केलं, मिस्टरांनी गॅरेज इकडे आणलं आणि तिला मोठ्या, नाव असलेल्या शाळेत सेमी इंग्रजीला घातलं. तिथून उतरती कळा लागली. नववीला गणितात जेमतेम पास. आता पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ७. तो पेपर तिनं आठवडाभर कपाटात कपड्यांखाली लपवला होता. विचारलं तर म्हणाली, अजून दिले नाहीत. खोटं बोलणारी मुलगी नव्हे ती. गॅरेजचा हिशेब आजही तोंडी करते, पण 'मी ढ आहे, मला गणित जमतच नाही' हे पालुपद सुटत नाही. मी रोज सांगते, तू हुशार आहेस, स्वतःवर विश्वास ठेव. मला वाटतं, ती सगळं मनाला लावून घेते. मिस्टर म्हणतात, ती मनावरच घेत नाही. त्यांनी ८५ टक्क्यांना मोबाईल कबूल केलाय. मे महिन्यात दोन दिवसांच्या आत्मविश्वास शिबिराला पाठवलं. आठवडाभर पहाटे उठली, भिंतीला कागद चिकटवले, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता त्याच लोकांचं दिवाळीत पाच दिवसांचं निवासी शिबिर आहे, फी साडेसहा हजार. पाठवावं का? की शाळा बदलावी? तिच्यात आत्मविश्वास आणू तरी कसा?
एक आई

ताई,

पत्र वाचल्यावर मी तुम्हाला उलट निरोप धाडला होता, त्या पेपरचे फोटो पाठवा म्हणून. तुम्ही मुलीला विचारून पाठवलेत, हे बरं केलंत. मी तो पेपर दोनदा वाचला, एकदा चहा घेताना आणि एकदा हातात पेन्सिल घेऊन. २७ वर्षं गणिताचे पेपर तपासले की ही खोड जात नाही.

तुमच्या पत्रात एकाच मुलीची दोन निदानं आहेत. तुम्ही म्हणता, ती सगळं मनाला लावून घेते. तिचे बाबा म्हणतात, मनावर घेत नाही. दोघंही तिच्या मनात शोधताय. कपाटातून पेपर निघाला तेव्हा दोघांनीही वर लाल पेनानं लिहिलेला आकडा पाहिला आणि घडी घातली. आतली पानं कुणी वाचली नाहीत, हे तुम्हीच निरोपात मोकळेपणानं लिहिलंत. तर ती पानं आधी वाचू.

दुसऱ्या प्रश्नात एक वर्गसमीकरण आहे: क्षचा वर्ग वजा क्ष वजा १२ बरोबर शून्य. तिनं मधल्या पदाची फोड केली, वजा ४ क्ष आणि अधिक ३ क्ष. बरोबर. पुढच्या ओळीत सामाईक काढून कंस मांडले. तेही बरोबर. अजून एक ओळ लिहिली असती तर ४ आणि वजा ३ ही उत्तरं हातात होती. तिथेच तिनं दोन्ही ओळी खोडल्या. साधी तिरकी रेघ नाही मारली, कुणाला वाचताच येऊ नये अशी गिचमिड केली, कागद जवळजवळ फाटलाय. मग खाली सूत्रानं सुरुवात केली. विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारा आकडा, काढताना वजा ४ गुणिले वजा १२ याचे अधिक ४८ व्हायला हवेत, तिनं वजा ४८ लिहिले, म्हणजे एकातून ४८ गेले, उरले वजा ४७. त्याचं वर्गमूळ निघेना. गणित अर्ध्यावर सोडलं. का खोडलंस, असं तुम्ही तिला विचारलंत तर म्हणाली, 'एवढं सोपं नसणार, चुकलंच असेल.'

दोन शाब्दिक उदाहरणं कोरी आहेत. नुसता प्रश्न क्रमांक घातलाय. आणि दोन चलांची समीकरणं क्रेमरच्या पद्धतीनं सोडवलीत ती अगदी देखणी, पायरीखाली पायरी. सातातले चार गुण तिथलेच आहेत. सुदैवानं त्या गणितात ऋण संख्या नव्हत्या.

आता मला सांगा, हा पेपर ढ मुलीचा आहे का? मला त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. एक, ऋण संख्यांच्या गुणाकाराचं भोक, जे सातवीतलं आहे. दोन, इंग्रजीत लिहिलेलं शाब्दिक उदाहरण तिला वाचताच येत नाही. मराठी शाळेत सात वर्षं 'पेक्षा तीनने जास्त' वाचलेल्या मुलीला 'एक्सीड्स बाय थ्री' समोर आलं की गणिताच्या आधी भाषा अडवते. आणि तीन, बरोबर आलेलं उत्तर बरोबर आहे हे ओळखायचं साधन तिच्याकडे नाही. आत्मविश्वासाचा खरा प्रश्न या तिसऱ्या गोष्टीत आहे. पहिल्या दोन निव्वळ शिकवायच्या बाबी आहेत, पण तीन वर्षं कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही म्हणून आज त्या स्वभावाचा भाग वाटायला लागल्यात.

आधी आत्मविश्वास, मग गुण, असा क्रम तुम्ही गृहीत धरलाय. तुम्ही एकट्या नाही. कॅलिफोर्नियात एका अख्ख्या राज्याला असंच वाटलं होतं. तिथल्या जॉन व्हास्कॉन्सेलोस या लोकप्रतिनिधीच्या पुढाकारानं १९८६ मध्ये सरकारनं चक्क आत्मसन्मान वाढवण्यासाठी एक कृतिगट नेमला. माणसाला स्वतःबद्दल चांगलं वाटायला लागलं की शाळेतलं अपयश, व्यसनं, गुन्हे, सगळ्यावर उतारा पडेल, असा हिशेब होता. १९९० मध्ये अहवाल आला आणि 'मी खास आहे' म्हणायला लावणाऱ्या कार्यक्रमांची शाळांमधून चलती झाली. पुढे २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र मांडून पाहिलं. स्वतःबद्दल चांगलं वाटणं आणि शाळेतले गुण यांचं नातं त्यांना दिसलं, पण बेताचं. त्यातही गुण बरे पडले म्हणून चांगलं वाटतं, हीच बाजू जड. नुसतं चांगलं वाटायला लावून गुण वाढतात असा आधार काही मिळाला नाही.

(टिम्स नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी दर ४ वर्षांनी होते. जपान, दक्षिण कोरिया, तैवानची मुलं तिथे गणितात वरच्या जागा सोडत नाहीत. पण 'मला गणित चांगलं येतं' असं छातीठोक सांगणारी मुलंही याच देशांत कमी निघतात. एकाच देशातली मुलं ताडून पाहिली तर ज्यांना विश्वास जास्त त्यांना गुण जास्त, हे खरं. पण न्यूनगंड घेऊनही गणित सुटतं, एवढं तरी यातून कळतं.)

म्हणजे विश्वासाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण 'मी भारी आहे' या विश्वासाला कमी आणि 'हे समोरचं मला करता येईल' या विश्वासाला पुष्कळ. ही फोड अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ मध्ये केली. आत्मविश्वास रक्तगटासारखा नसतो, की एकदा पॉझिटिव्ह निघाला की जन्मभर सगळीकडे पॉझिटिव्ह. तुमची मुलगी गॅरेजमध्ये उभ्या उभ्या स्पेअरपार्टची बेरीज करते, तिथे तिचा हात थरथरत नाही. का? कारण गिऱ्हाईक पैसे देतं, गल्ला जमतो, संध्याकाळी हिशेब लागतो. रोज पुरावा मिळतो. वर्गसमीकरणाच्या बाबतीत तिला असा पुरावा मिळून कैक महिने झालेत.

हा विश्वास कुठून येतो, याचे चार झरे बांडुरांनी सांगितले. स्वतः करून पाहिलं आणि जमलं, हा सगळ्यात मोठा. आपल्यासारख्याच कुणाला तरी ते करताना पाहिलं, हा दुसरा. आपल्या माणसानं सांगितलं की तुला जमेल, हा तिसरा. आणि चौथा म्हणजे आपलं अंग काय सांगतंय, छाती धडधडतेय की शांत आहे. आता शिबिर आठवा. मोठ्यानं संगीत, टाळ्या, घोषणा, एक बोलका माणूस. तिसरा आणि चौथा झरा तिथे दुथडी भरून वाहतो, म्हणून पोरं तिथून खरोखर पेटून येतात. त्या उत्साहाला मी खोटं म्हणणार नाही. पण सोमवारी वर्गात फळ्यावर वजा गुणिले वजा येतं, आणि त्याचं काय करायचं हे शिबिरात कुणी सांगितलेलं नसतं. मग मुलगी काय निष्कर्ष काढते? 'एवढं करूनही मला जमलं नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे.' मे महिन्यानंतर ती आधीपेक्षा खचली असेल तर त्याचं कारण मला इथे दिसतं.

तरी शिबिरवाल्यांची बाजू म्हणून एक खरा अभ्यास सांगते. बुद्धी सरावानं वाढते, ही गोष्ट मुलांना नीट समजावली तर काय होतं, हे अमेरिकेत नववीच्या १२,००० हून अधिक मुलांवर तपासलं गेलं. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. संगणकावरचा एक तासाहूनही कमी वेळाचा कार्यक्रम होता. जी मुलं मागे होती त्यांचा सरासरी ग्रेड चारपैकी साधारण ०.१ नं वर गेला. परिणाम खरा, पण एवढासा. आणि तोही आजूबाजूच्या मुलांनी अवघड गणिताला हात घालण्याची चेष्टा केली नाही तिथेच जास्त टिकला. एका तासाच्या कार्यक्रमातून एवढं मिळत असेल तर वाईट नाही. साडेसहा हजार आणि दिवाळीचे पाच दिवस यांच्या बदल्यात मी हा सौदा करणार नाही. पाठवू नका, हे माझं स्पष्ट मत.

आता थोडं तुमच्याबद्दल. रागवू नका.

'तू हुशार आहेस' हे तुम्ही मायेनं म्हणता. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांबरोबर एक प्रयोग केला. मुलांना कोडी सोडवायला दिली. मग काहींना सांगितलं, तू यात हुशार दिसतोस. काहींना सांगितलं, तू चांगली मेहनत घेतलेली दिसतेय. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली, सगळेच आपटले. त्यानंतर पहिल्यासारखीच सोपी कोडी पुन्हा दिली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं आधीपेक्षा पुढे गेली आणि हुशार म्हटलेली मुलं स्वतःच्याच पहिल्या गुणांपेक्षा खाली आली. पण तुम्हाला हे सांगायचं कारण वेगळंच आहे. शेवटी मुलांना दुसऱ्या, अनोळखी मुलांसाठी आपले गुण कागदावर लिहायला सांगितले. हुशार म्हटलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत असं करणारी मुलं फारच थोडी.

कपड्यांखाली लपवलेला पेपर आठवला ना? तुमची मुलगी खोटारडी झालेली नाही. सातवीपर्यंत गावभर ती 'हुशार' म्हणून ओळखली गेली, पेढे त्याच नावावर वाटले गेले, आणि ७ गुण त्या नावाशी जुळत नाहीत. पेपर दाखवला असता तर नाव गेलं असतं. तिनं नाव वाचवलं. घरी रोज 'तू हुशार आहेस' ऐकू येतं तेव्हा तिला तो धीर वाटत नसावा, आठवण वाटत असावी, की आईला अजून ठाऊक नाही.

आणि शाळेचं म्हणाल तर यालाही एक नाव आहे. ऑस्ट्रेलियात काम केलेले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली आणि एक साध्या शाळेत, एक निवडक हुशार मुलांच्या शाळेत घातलं, तर दुसऱ्याचं स्वतःच्या अभ्यासाबद्दलचं मत खाली येतं. कुवत तीच, आजूबाजूची मुलं बदलली. छोट्या तळ्यातला मोठा मासा मोठ्या तळ्यात सोडल्यासारखं. २००३ मध्ये २६ देशांतल्या मुलांची माहिती तपासली, तरी तोच कल निघाला. तुमच्या नात्यात कुणी तरी 'वासरांत लंगडी गाय शहाणी होती' असं म्हणून झालंच असेल. तिनं दिलेली पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा राज्यभर एकच होती, ताई. ती गावच्या वासरांनी तपासलेली नाही. असं म्हणणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

शाळा मात्र आता बदलू नका. दहावीच्या मध्यावर नवे शिक्षक, नवे वर्गमित्र आणि वर 'तिथे झेपलं नाही' हा शिक्का, कशाला? आठवीला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, नुसतं शाळेचं नाव बघू नका, पहिल्या सहा महिन्यांत हिला भाषेसाठी कोण मदत करणार ते बघा. पाचवी-सातवीनंतर मुलांना गावातून हलवायच्या विचारात असलेल्या बाकीच्या वाचकांनी हे आत्ताच विचारून घ्यावं. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पहिल्या दहांची यादी येते ना, ती घरात मोठ्यानं वाचणं आजपासून बंद.

आता बाबांकडे वळते. 'मनावर घेत नाही' हे पालकसभेत मी हजारदा ऐकलंय. खरं सांगायचं तर प्रगतिपुस्तकावर 'अजून प्रयत्न हवेत' असा शेरा मीही शेकड्यांनी लिहिलाय. कशाचे प्रयत्न, कुठल्या पानावर, हे एकदाही लिहिलं नाही. आज त्याची लाज वाटते. तर बाबांना माझ्या वतीनं एवढंच विचारा: गाडी सुरू होत नसली तर तुम्ही तिला काय सांगता? काही सांगत नाही. प्लग काढता, पुसता, स्पार्क येतोय का बघता, पेट्रोल पोचतंय का बघता. गाडीनं मनावर घेतलेलं नाही असं गॅरेजमध्ये कुणी म्हणत नाही.

जिथे रोज तोंडावर पडायचं तिथे जाऊन बसायची हौस कुणाला असते? आपल्याला जमेल अशी थोडी तरी आशा असली तरच माणूस जोर लावतो. अभ्यासाची ओढ बऱ्याचदा पहिल्या जमलेल्या गणितानंतर येते, आधी नाही. मोबाईलच्या आमिषाबद्दल लोक एक जुना प्रयोग सांगतात, १९७३ चा: बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली, तर पुढे ती आपणहून कमी काढू लागली. पण तुमच्या मुलीला गणित सध्या आवडतच नाही, तेव्हा आवड मरण्याची भीती घालून मी बाबांना दोष देणार नाही. माझा आक्षेप साधा आहे. मोबाईल पुढच्या उन्हाळ्यात आहे आणि वजा गुणिले वजा आज संध्याकाळी. त्या दोघांना जोडणारी एकही पायरी तिला कुणी दाखवलेली नाही. कबूल केलाय तर शब्द फिरवू नका, पण टक्क्यांची अट काढून टाका. दहावी झाली की मोबाईल, बस.

मग करायचं काय? बोर्डाला साधारण सहा महिने आहेत. गणिताचे दोन पेपर, प्रत्येकी ४० गुणांचे. भरपूर काम होण्याजोगं आहे.

सुरुवात धाकट्यापासून करा. तुम्ही निरोपात लिहिलंत की तो सातवीत आहे. सातवीच्या गणितात पूर्णांक संख्यांचा गुणाकार-भागाकार आहे. मुलीला सांगा, याला हे शिकव, मला येत नाही. यात खोटं काही नाही, तुम्हाला येत नाहीच. त्याला शिकवता शिकवता तिचं भोक बुजेल आणि दहावीतल्या मुलीला सातवीचं पुस्तक उघडायची लाजही वाटणार नाही. आठ-दहा दिवस रोज २० मिनिटं. त्यानंतर आठवीतला बैजिक राशींच्या अवयवांचा धडा, तो तिचा तिनं. घरात जुनी पुस्तकं नसली तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

तिथूनच दहावीचं मराठी माध्यमाचं गणित उतरवून घ्या. इंग्रजी पुस्तकाच्या शेजारी ठेवा. धडे तेच, सरावसंच तेच, क्रमांकही तेच. शाब्दिक उदाहरण आधी मराठीत वाचायचं, मग तेच इंग्रजीत, आणि अडलेला शब्द वहीच्या मागच्या पानावर. असे फार तर ५०-६० शब्द निघतील. आपल्याला अडवतंय ते गणित नाही, शब्दच आहेत, हे तिच्या दोन आठवड्यांत लक्षात येईल. सेमीला घातलेल्या खेड्यातल्या कितीतरी मुलांचं घोडं नेमकं इथे पेंड खातं आणि दोष गणिताला जातो.

आता तिसरी गोष्ट, खोडलेल्या ओळींची. आपल्याकडे पूर्वी प्रत्येक गणिताचा ताळा करून बघायची पद्धत होती. भागाकार केला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी. उत्तर जुळलं की पाटी पालथी. आता पोरं उत्तर मागच्या पानावर बघतात नाही तर सरांकडे बघतात, आणि परीक्षेत या दोन्ही गोष्टी नसतात. तिला ताळा शिकवा, म्हणजे तिच्या सरांना शिकवायला सांगा, किंवा हे पत्रच तिच्या हातात द्या. क्षच्या जागी ४ घाल: १६ वजा ४ वजा १२, शून्य. वजा ३ घाल: ९ अधिक ३ वजा १२, शून्य. झालं. आता ते सोपं होतं की अवघड, वर्गातल्या पहिल्या दहांनी कसं सोडवलं, आई काय म्हणते, सर काय म्हणतात, कशाचाही संबंध उरत नाही. उत्तर बरोबर आहे हे तिचं तिला कळलं. ज्याला तुम्ही आत्मविश्वास म्हणताय तो गणितात असा दिसतो. एक नियम तेवढा घाला: ताळा केल्याशिवाय काहीही खोडायचं नाही.

रोजचा अभ्यास अर्ध्या तासापासून. पहिली दोन गणितं तिला हमखास येणारी, तिसरं जरा अवघड. तिसरं सुटलं नाही तरी उठायचं, दोन तर सुटलीत. आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या टेबलावर घड्याळ लावून २० गुणांची चाचणी. पेपर हातात आला की छाती धडधडते आणि ती धडधड म्हणजे 'येत नाही' असं तिला वाटतं. घरी आठ-दहा वेळा धडधडूनही गणित सुटलं की त्या धडधडीचा तिनं लावलेला अर्थ सैल होईल.

तुम्ही शेजारी बसा, भाजी निवडत बसा. गणित येत नाही म्हणून संकोच नको. मधूनच विचारा, 'हे कशावरून गं?' ती समजावेल. समजावताना अडली तर तिचं तिला कळेल कुठे अडलं ते. कौतुक करायचं तर पानावर बोट ठेवून करा: 'आज तिसऱ्या ओळीत चिन्ह बरोबर आलं.' चुकलं तर तेही बोट ठेवून. मावसभावाचे ९६ टक्के घरात आणू नका. त्यापेक्षा तुमच्याच गावातून येऊन याच शाळेत पहिली दोन वर्षं चाचपडलेली, आता बारावीत असलेली एखादी मुलगी शोधा आणि रविवारी जेवायला बोलवा. बांडुरांचा दुसरा झरा असाच लागतो, आपल्यासारख्या माणसाकडून.

शाळेत जाऊन तिच्या गणिताच्या सरांनाही भेटा. 'ती कशी आहे' असं विचारू नका, 'बरी आहे, प्रयत्न हवेत' असं उत्तर मिळेल. हा पेपर दाखवा आणि विचारा, ही चूक कशाची आहे. पेपर पुढे ठेवला की बहुतेक शिक्षक मनापासून बोलतात.

काही वाचकांच्या घरी याच्या उलटं असतं. 'झालाय माझा अभ्यास' म्हणणारं पोर आणि गुण मात्र जमिनीवर. त्यांच्यासाठी २००६ चा रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग: उतारा पुन्हा पुन्हा वाचलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री होती, पण आठवड्यानं, एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना पुष्कळ जास्त आठवलं. अशा मुलाचा विश्वास वाढवायचा नसतो, पुस्तक मिटून कोरा कागद द्यायचा असतो. औषध तेच, ताळा.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. झोप उडाली, जेवण तुटलं, आवडीच्या गोष्टीही सुटल्या, किंवा 'मी नसलेलीच बरी' असं काही तोंडून निघालं, तर गणित त्या दिवशी बाजूला. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा फुकट क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आणि ज्यांच्या मुलांना पहिली-दुसरीपासूनच आकडे उलटे दिसतात, साधी वजाबाकी वर्षानुवर्षं बसत नाही, त्यांनी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना जास्तीच्या वेळेसारख्या सवलती मिळतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. क्रेमरची पद्धत इतकी नीट मांडणारा हात आहे तो.

सहामाही दिवाळीच्या आधी असेल. गुण फार वाढले नाहीत तर घाबरू नका, सातवीचं भोक बुजवायला लागलेला वेळ त्या पेपरात दिसणार नाही. मला गुण कळवूही नका. वर्गसमीकरणाच्या पानाचा फोटो तेवढा पाठवा, तिला विचारून. आणि तिला सांगा, मी त्या गिचमिडीखालच्या दोन ओळी भिंग लावून वाचल्या आणि पेन्सिलीनं शेजारी बरोबरची खूण केलीय.